ढमीचा ठोका

साहेब, तुम्ही एका मेलेल्या पोरीचे दात विकलेत आणि तिचा आवाज कचरा म्हणून काढून टाकलात. दोन्ही कामं एकाच कचेरीतून झाली. तुमचं नाव इथे घेत नाही. तुमच्या नावाची पाटी आधीच पुरेशी मोठी आहे, ती आणखी कुणी पुसून चकचकीत करायला नको. वहिनी तुमच्या दारात आली तेव्हा तुम्ही आत होतात आणि बाहेर यायची तसदी तुम्ही घेतली नाहीत. म्हणून आता बसल्या जागी ऐका.

वहिनी म्हणजे भोंग्याची बायको. आणि भोंगा म्हणजे तोच, ज्याच्या सहीची गिटार तुम्ही काचेआड दिवे लावून टांगली आहे. भोंगा हे नाव त्याला त्याच्याच बँडच्या ड्रमवाल्याने ठेवलं होतं, कारण त्याने गिटारला हात घातला की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. ड्रमवाल्याला मग भोंग्याने बडव्या म्हणायला सुरुवात केली. पोस्टरवर दोघांची खरी नावं असायची, पण ती वाचायला कुणी थांबत नसे. आणि बँडमधल्या सगळ्यांची जी वहिनी, ती पुढे जगाचीच वहिनी झाली. ती हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करते, तिथल्या बायकासुद्धा तिला वहिनीच म्हणतात.

आयुष्यभर भोंगा भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे उभा राहिला आणि त्या स्पीकरांनी त्याचे कान खाल्ले. आधी पाखरं गेली, मग दारावरची बेल गेली, मग बायकोचा आवाज गेला. "बरं झालं," वहिनी म्हणायची, "आता तुझ्या तोंडावर तुला शिव्या देता येतात." तर तो ओठ वाचायला शिकला आणि बिचारीची तेवढीही सोय गेली. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून तो नेहमी ओरडूनच बोलतो. मीठ दे म्हणाला तरी शेजाऱ्यांना वाटतं घरात भांडण पेटलंय.

एवढं सगळं गेलं, पण एक गोष्ट त्याला अजून ऐकू यायची. कानाने नाही, हाताने.

त्यांना एक मुलगी होती. ती दोन वर्षांचीही झाली नाही. ताप डोक्यात गेला आणि गेली. त्यापलीकडे वहिनी कुणाला काही सांगत नाही, तेव्हा इथेही सांगायला नको. पोरगी चालायला लागायच्या आधीच ठोकायला लागली. भिंत ठोकायची, बादली ठोकायची, झोपलेल्या बापाचं पोट ठोकायची. म्हणून ती ढमी.

त्या वेळी बँडकडे स्टुडिओ नव्हता. भोंगा घरातल्याच खोलीत रेकॉर्डिंग करायचा. घरमालकाने आवाजावरून दोनदा सामान बाहेर काढायची धमकी दिली होती, म्हणून त्याने एक शक्कल काढली. कपड्यांचं मोठं लाकडी कपाट रिकामं केलं, आत सगळीकडून गोधड्या लावल्या, त्यात अँप्लिफायर ठेवला, त्याच्या तोंडाशी माईक बांधला आणि कपाटाचं दार लावून टाकलं. गिटार बाहेर, आवाज कपाटात. वहिनीचे कपडे वर्षभर पलंगाखाली ट्रंकेत राहिले. "माझं लग्न कपाटाशी झालंय की गिटारशी, एकदा ठरवून सांग," असं ती म्हणायची. पण गोधड्या तिनेच टाचून दिल्या होत्या.

ढमीला त्या कपाटाचं भारी वेड. आतून बाप गडगडतो आणि बाहेर बसलेला बाप नुसताच बोटं हलवतो, हे तिला काही केल्या पटत नसे. एकदा गाणं रेकॉर्ड होत होतं, शेवटचा सूर लांबत लांबत विरत चालला होता, आणि ढमीने कपाटाचं दार ठोकलं. आतल्या बापाला बाहेर ये म्हणून. ढम, ढम. मग बहुतेक दमली, किंवा उत्तराची वाट बघत थांबली. आणि आता नाही मारत असं वाटलं तेव्हा, एकदम, तिसरा. ढम.

माईक आतच होता. त्याने सगळं टिपलं.

बडव्याने डोक्याला हात लावला. "सूर फुकट गेला रे. आणि तिसरा ठोका तालात नाही."

"तालात नाही ना? मग तू तिच्या तालात ये," भोंगा म्हणाला. ते गाणं त्याने तसंच ठेवलं. रेकॉर्ड निघाली. ऐकणाऱ्यांना तो शेवट म्हणजे काहीतरी मोठा विचार वाटला. तीन ठोक्यांवर लोकांनी लेख लिहिले. स्टेजवर ते ठोके बडव्या मोठ्या ड्रमवर वाजवायचा, आणि ढमी गेल्यानंतरही वाजवत राहिला, कारण लोक मागायचे. पहिले दोन बरोबर यायचे. तिसरा दर वेळी लवकर पडायचा. ड्रमवाल्याच्या हाडात ताल असतो, तो त्याला पोरीएवढं थांबू देत नसे. स्टेजवरून उतरताना भोंगा नुसता त्याच्याकडे बघायचा. बडव्या म्हणायचा, "माहितेय. लवकर मारला. उद्या बघ."

तो उद्या काही आला नाही. बँड फुटला, बडव्या शाळेची बस चालवायला लागला, भोंग्याचे कान गेले. उरली ती जुनी रेकॉर्ड, आणि खोलीतला कमरेएवढा लाकडी स्पीकर. भोंगा कधीमधी दुपारी रेकॉर्ड लावायचा आणि स्पीकरच्या लाकडावर तळहात ठेवून बसायचा. गाण्यातलं त्याला फारसं काही लागत नसे, नुसती मुंग्या आल्यासारखी थरथर. पण शेवटी ढमी यायची. ती थेट तळहातावर ठोकायची. वहिनी तेव्हा काहीतरी काम काढून आतल्या खोलीत जायची.

पण किती दिवस चालणार? तीच जागा पुन्हा पुन्हा वाजवून रेकॉर्ड झिजली. सुई नेमकी शेवटच्या सुराशी यायची आणि घसरून मधोमध जायची. भोंगा हात ठेवून बसलेला असायचा आणि हाताला काही लागायचं नाही. दुसरी रेकॉर्ड मिळेना. बडव्याकडची त्याच्या मेहुण्याने नेली होती आणि मेहुणा नेतो ते परत येत नाही. मूळ टेप ट्रंकेत होती, पण ती वाजवायचं यंत्र केव्हाच मोडीत गेलं होतं.

अशा वेळी, साहेब, तुमचा माणूस आला. जिभेवर साखर, अंगाला अत्तराचा वास, बसताना खुर्ची पुसून बसला. वहिनीने त्याचं नाव तिथल्या तिथे गोडबोल्या ठेवलं. तो म्हणाला, कंपनी भोंग्याच्या गिटारची हुबेहूब गिटार काढणार, तिच्यावर त्याची सही असणार, आणि सोबत त्या गाण्याची नवी रेकॉर्ड देणार. नमुना म्हणून गिटार हवी आणि टेप हवी.

भोंग्याने त्याच्या ओठांवरून सगळं वाचलं, पण मनात धरलं फक्त रेकॉर्डचं. गिटारीचं त्याला काही पडलं नव्हतं. तो वाजवून चुकला होता. त्याला रेकॉर्ड हवी होती.

"न्या," तो ओरडला. "गिटार न्या, टेप न्या. पण शेवटी पोरगी ठोकते, ते तसंच राहिलं पाहिजे. कळलं ना?"

गोडबोल्याने मान हलवली. बहिऱ्या माणसाला मान हलली की शब्द मिळाल्यासारखं वाटतं. भोंग्याने सही केली. तो माणूस मान हलवताना भोंग्याकडे बघत नव्हता, गिटारकडे बघत होता; हे वहिनीने पाहिलं. पण नवरा कितीतरी दिवसांनी दाढी करून बसला होता, म्हणून ती मूग गिळून गप्प राहिली.

काही महिन्यांनी कंपनीचं आमंत्रण आलं. गिटारी तयार होताहेत, घरच्यांनी येऊन बघावं, रेकॉर्डची पहिली प्रत घेऊन जावी. भोंगा म्हणाला, "मी येऊन काय ऐकणार? तू जा. रेकॉर्ड घेऊन ये." वहिनीने धुलाईखात्यात अर्धी रजा टाकली. बडव्याने पोरं शाळेत सोडली आणि रिकामी बस घेऊन तो दाराशी आला. एवढ्या मोठ्या बसमध्ये दोघंच. वहिनी पहिल्या बाकावर बसली तेव्हा तो म्हणाला, "पट्टा लाव. आणि खिडकीबाहेर डोकं काढलंस तर आईला चिठ्ठी जाईल."

कारखान्यात गोडबोल्याने त्यांना सगळं फिरवलं. लाकूड कापतात ती खोली, रंगाची खोली, तारा चढवतात तो लांब बाक. सगळ्यात शेवटी एका खोलीत नव्या कोऱ्या गिटारी रांगेने पालथ्या पडल्या होत्या आणि माणसं त्यांना झोडपत होती. किल्ल्यांचे जुडगे मारत होती, साखळ्या घासत होती, कानशीने कडा तासत होती.

"हे काय करताहेत?" वहिनीने विचारलं.

"जुनं करायचं खातं," गोडबोल्या म्हणाला. "लोकांना नवी गिटार नको असते, वहिनी. त्यांना दादांची गिटार हवी असते. दादांनी जिथे जिथे घासली, आपटली, तिथे तिथे आपणही तसंच करतो. एकूणएक ओरखडा."

"लोकांच्या घरी नव्या भांड्याला पोचा आला तर सुनेला ऐकून घ्यावं लागतं," बडव्या पुटपुटला. "इथे पगार मिळतो."

कोपऱ्यातल्या टेबलावर एक मिशीवाला कारागीर बसला होता. त्याच्या हातात एक छोटी पोलादी वस्तू होती, चिमट्यासारखी, एका टोकाला चार बारीक दाते, दुसऱ्याला दोन. गिटारच्या अंगाला खाली जे शिंग येतं, त्याच्या कडेवर त्याने ती बसवली आणि लाकडी हातोडीने हलकेच मारली. मग उलट बाजूने तीच बसवून पुन्हा मारली. वस्तू उचलली. कडेवर वर चार खळगे, खाली दोन.

वहिनीने वाकून ते खळगे मोजले.

ढमी त्या शिंगाला धरून उभी राहायची. गिटार पलंगावर आडवी असायची आणि हिरड्या शिवशिवायला लागल्या की पोरगी ती कड चावत बसायची. लाळ, पॉलिश, सगळं एक. वहिनी ओरडायची, रंग पोटात जाईल. भोंगा म्हणायचा, "राहू दे गं. चावून बघतेय, सुरात आहे का." ते खळगे त्याने कधी बुजवू दिले नाहीत. गाणी वाजवताना दोन गाण्यांच्या मध्ये त्याचा अंगठा तिथे जाऊन बसायचा. नंतरही.

"हे कसले?" तिने कारागिराला विचारलं. तिला माहीत होतं, तरी विचारलं.

"हा होय? आमचा उंदीर," तो हौसेने म्हणाला आणि पोलादी वस्तू तिच्या हातात दिली. "कुरतडल्यासारखं दिसतं ना, म्हणून आम्ही याला उंदीरच म्हणतो. प्रत्येक गिटारला दोनदा लावायचा. फार नाजूक काम, जोरात मारलं तर शिंग चिरतं."

"गर्दीत कुणीतरी साखळी मारली होती दादांना, त्याची ती खूण," गोडबोल्या म्हणाला. "जाहिरातीत घेतलंय आम्ही."

"साखळी नाही," वहिनी म्हणाली. "माझ्या मुलीचे दात आहेत ते. तिला तेवढेच आले होते."

खोलीतल्या आवाजात ते फक्त जवळच्यांना ऐकू गेलं. कारागिराने हातोडी खाली ठेवली. त्याने उंदीर वहिनीच्या हातातून हळूच परत घेतला, अंगावरच्या फडक्याला पुसला, आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून बसला. मग म्हणाला, "पोरांना सांगतो, उंदीर म्हणू नका."

गोडबोल्या मात्र खुलला. साहेब, तुमच्या माणसाचे डोळे लकाकले. "वहिनी, हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं. केवढी गोष्ट आहे ही. जाहिरात नव्याने करू. तिचा एखादा फोटो असेल ना?"

बडव्या एक पाऊल पुढे आला. वहिनीने त्याचा दंड धरला. ती बसमधल्या त्या बाकावर जशी बसली होती तशी, ताठ, म्हणाली, "फोटो नाही. ही खूण थांबवा. आमची गिटार परत द्या. आणि रेकॉर्ड द्या, आम्ही जातो."

"खूण कशी थांबवणार? सही आहे दादांची, हुबेहूब म्हणून. गिटार आता कंपनीच्या संग्रहात आहे. रेकॉर्ड मात्र घेऊन जा, ऐकूनच जा." त्याने त्यांना एका मऊ भिंतींच्या खोलीत नेलं, वहिनीच्या कानांवर हेडफोन चढवले.

गिटार तर अशी वाजत होती की जणू भोंगा समोर बसलाय. बडव्याचे ड्रम नव्हते, गाणाऱ्याचा आवाज नव्हता, नुसती गिटार. शेवटचा सूर आला. लांबला. विरला. वहिनीने हेडफोन कानांशी दाबून धरले.

पुढे काही नाही. मग तबकडी संपल्याची खरखर.

"ठोके कुठे गेले?"

"कसले? अच्छा, ते." गोडबोल्या हसला. "गिटार विकायची म्हणजे गिटारच ऐकू आली पाहिजे, नाही का? बाकीचा सगळा कचरा मशीनने साफ केलाय. फोनवर हे गाणं आजवर नव्हतंच, तिथेही आता हेच चढवलंय. स्वच्छ."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मान हलवलीत."

"वहिनी, मान तर मी दिवसभर हलवतो."

"मग टेप द्या. आमची टेप आम्हाला द्या."

"ती आता तळघरात. तिथलं काही बाहेर जात नाही. साहेबांना विचारावं लागेल."

तुमच्या दाराबाहेर ती दोघं दुपारपर्यंत बसली. आत तुम्ही फोनवर हसत होतात, ते बाहेर ऐकू येत होतं. बडव्याची शाळा सुटायची वेळ झाली. कुणाकुणाची पोरं फाटकात उभी राहिली असती. तेव्हा दोघं उठली.

बसमध्ये पोरांचा गोंगाट होता. वहिनी त्या गोंगाटात मांडीवर रेकॉर्ड घेऊन बसली होती. शेवटचं पोर उतरलं तेव्हा ती म्हणाली, "दारात बसला असेल वाट बघत. इस्त्रीचा शर्ट घालून. काय सांगू त्याला?"

बडव्याने बस बाजूला घेतली, इंजीन बंद केलं. बराच वेळ त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. मग म्हणाला, "तुमचा स्पीकर स्वयंपाकघराच्या लाकडी भिंतीला टेकलाय ना? मी पलीकडून ठोकतो. तू दारात उभी राहा, सूर संपला की हात खाली कर. त्याला हातालाच लागतंय. कोण ठोकतंय, काय कळणार त्याला?"

"फसवायचं?"

"एकदाच. पुढचं पुढे बघू. मी ते हजार वेळा वाजवलंय, वहिनी."



भोंगा खरंच इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. रेकॉर्ड त्याने तिच्या हातातून घेतली, कव्हरवरची स्वतःची सही बघून "कुणाची रे ही?" म्हणाला, आणि तबकडी स्वतः लावली. "बडव्या कुठे गेला?" त्याने ओरडून विचारलं. "पाणी पितोय," वहिनीच्या ओठांनी सांगितलं. भोंग्याने खुर्ची स्पीकरला चिकटवली, लाकडावर तळहात ठेवला, डोळे मिटले.

वहिनी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी होती. इकडे नवरा, तिकडे ओट्याला पाठ लावून बडव्या, मूठ भिंतीपाशी धरलेली. बडव्याच्या कपाळाला घाम होता. स्टेजवर कधी त्याला तसा घाम फुटला नव्हता.

शेवटचा सूर विरला. तिने हात खाली केला.

ढम, ढम. बडव्या थांबला. वहिनीने पाहिलं, तो ओठ चावून थांबला होता, जितकं थांबता येईल तितकं.

ढम.

भोंगा हलला नाही. हात तसाच, डोळे तसेच. सुई मध्ये जाऊन घरघरत राहिली. वहिनीला वाटलं, निभावलं. तिचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात त्याने डोळे उघडले. तो तिच्याकडे न बघता लाकडी भिंतीकडे बघून बोलला, नेहमीसारखाच ओरडून.

"बडव्या, बाहेर ये. तिसरा आजही लवकर मारलास."

बडव्या मूठ चोळत दारात आला. भोंगा रागावलाही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने तळहात पुन्हा लाकडावर ठेवला, जसा कुणी दार आतून कधी उघडतंय याची वाट बघत ठेवतो, आणि वहिनीच्या तोंडाकडे बघत विचारलं, "आणि तिचा? तिचा कुठे आहे?"



साहेब, तो अजून विचारतोय. दाढी वाढलीय, हात लाकडावर आहे, नजर बायकोच्या तोंडावर. त्याच्या पोरीचे दात तुम्ही तुमच्या प्रत्येक गिटारवर ठोकलेत, घरोघर पाठवलेत. तिचे ठोके तुमच्या तळघरात पडून आहेत, एका टेपमध्ये, जिचा तुम्हाला कवडीचा उपयोग नाही. ती टेप कधी परत देता? मान हलवू नका. तोंडाने सांगा.